उत्तराची वंशावळ

‘कोलंबो’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९७० च्या दशकात अतोनात गाजली. तिचा नायक लेफ्टनंट कोलंबो हा चुरगळलेला रेनकोट घालणारा, काहीसा गबाळा दिसणारा पोलीस अधिकारी. दारापर्यंत जाऊन परत वळायचे आणि सहज आठवल्यासारखा शेवटचा प्रश्न विचारून खुन्याला कोंडीत पकडायचे, ही त्याची लकब. मालिकेत सगळे त्याला आडनावानेच हाक मारतात. म्हणूनच ‘कोलंबोचे पहिले नाव काय?’ हा सामान्यज्ञानाच्या शौकिनांचा लाडका प्रश्न झाला. १९७४ साली फ्रेड वर्थ या गृहस्थांचे ‘द ट्रिव्हिया एन्सायक्लोपीडिया’ हे पुस्तक निघाले. पोटापाण्यासाठी विमान वाहतूक नियंत्रकाची नोकरी करणाऱ्या वर्थ यांनी त्यात या प्रश्नाचे उत्तर दिले : फिलिप.

हे नाव वर्थ यांनी स्वतः रचले होते. जुने नकाशे छापणारे जसे अस्तित्वात नसलेली एखादी गल्ली मुद्दाम नकाशात घालून ठेवत, तसा हा सापळा होता. पुस्तकातून कोणी उचलेगिरी केली, तर फिलिप त्याला पकडून देणार होता.

पुढे कॅनडातील ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट या दोन पत्रकारांनी तयार केलेला ‘ट्रिव्हियल पर्सूट’ हा प्रश्नोत्तरांचा खेळ जगभर खपला. त्याच्या एका कार्डावर कोलंबोचे नाव होते फिलिप. वर्थ यांनी १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळाच्या कर्त्यांनी वर्थ यांची पुस्तके वापरल्याचे नाकारले नाही. इतर अनेक संदर्भग्रंथांसारखी तीही वापरली, त्यात गैर काय, असा त्यांचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला. वस्तुस्थितीवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो, असे म्हणत दावा फेटाळला गेला आणि १९८७ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. रचलेल्या माहितीचा धनी ती वस्तुस्थिती म्हणून छापून बसल्यामुळे हरला, यातली गंमत कायद्याच्या अभ्यासकांनी चाखावी. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. पुस्तकात फिलिप आणि कार्डावरही फिलिप, म्हणजे दोन साक्षीदार झाले का? मुळीच नाही. साक्षीदार एकच, आणि तोही खोटा.

इंटरनेटवर उत्तर शोधताना नेमकी हीच गणना चुकते. दहा संकेतस्थळांवर एकच उत्तर दिसले की आपल्याला ते दहा वेळा सिद्ध झाल्यासारखे वाटते. वास्तविक नऊ जणांनी दहाव्याची नक्कल केलेली असू शकते, आणि नक्कल किती झाली यावरून मूळ खरे की खोटे हे काहीच कळत नाही.

पाठचिकित्सेचा परिचय असलेल्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. पण बहुसंख्य पोथ्यांत जो पाठ आहे तो खरा, असा बहुमताचा न्याय तिथे चालला नाही. प्रमुख संपादक वि. सी. सुखठणकर यांची दृष्टी अशी की, परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरा, म्हणजे समजा उत्तरेची आणि दक्षिणेची, जिथे जुळतात तिथला पाठ अधिक विश्वासार्ह मानावा. एकाच पोथीवरून उतरवलेल्या पन्नास पोथ्यांचे वजन एका पोथीएवढेच. या शास्त्राचे आणखी एक सूत्र असे की, दोन प्रतींत एकच विचित्र चूक आढळली तर त्यांचे नाते शोधावे. बरोबर पाठ दोघांना स्वतंत्रपणे मिळू शकतो. तीच ती चूक दोघांनी स्वतंत्रपणे करणे अवघड. वर्थ यांचा फिलिप ही अशीच एक मुद्दाम पेरलेली चूक.

आंतरजालावर चुकीची वंशावळ कधीकधी स्वतःभोवतीच फिरते. कोआटी हा दक्षिण अमेरिकेतला, रॅकूनच्या कुळातला प्राणी. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने विकिपीडियावरील त्याच्या लेखात गमतीने ‘याला ब्राझिलियन आर्डवार्क असेही म्हणतात’ अशी भर घातली. आर्डवार्क हा आफ्रिकेतला प्राणी, त्याचा कोआटीशी काही संबंध नाही. पण काही ब्रिटिश वृत्तपत्रांनी ते नाव उचलले, ते एका पुस्तकातही गेले आणि मग विकिपीडियावरील त्याच वाक्याला आधार म्हणून वृत्तपत्राचा दाखला जोडला गेला. लेकच आईची आई झाली. हा प्रकार उघडकीला येईपर्यंत वर्षे गेली होती.

मग शोधणाऱ्याने करायचे काय? विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ असतो. कोणते वाक्य कोणत्या दिवशी आले हे तिथे दिसते. त्या दिवसाच्या आधी छापलेला दाखला मिळाला तरच तो स्वतंत्र. एखादे संशयास्पद वाक्य जसेच्या तसे अवतरणचिन्हांत घालून शोधले की त्याची भावंडे समोर येतात, आणि त्यांतले सर्वांत जुने कोणते ते पाहता येते. पण खरे उत्तर पुष्कळदा वंशावळीच्या बाहेरच असते. कोलंबोचेच घ्या. १९७१ च्या ‘डेड वेट’ या भागात तो आपले ओळखपत्र दाखवतो. चित्र तिथे थांबवून मोठे केले की सही वाचता येते : फ्रँक. हे उत्तर पहिल्यापासून मालिकेतच होते. पाहणाऱ्याच्या हातात चित्र गोठवण्याचे साधन तेवढे नव्हते.

मराठीतून शोध घेताना आणखी दोन अडथळे येतात, आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. पहिला लेखनाचा. १९६२ मध्ये शासनाने नवे लेखननियम स्वीकारण्यापूर्वीच्या छापील मजकुरात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मुंबईंत’ असे अनुस्वार असतात. आजच्या पद्धतीने शब्द टंकला तर जुने पुस्तक पटलावर येईलच असे नाही. शोध आजोबांच्या लेखनात करावा लागतो. दुसरा अडथळा शकाचा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत पाठ केलेले सूत्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत चालत नाही. जेधे शकावलीत शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. ७८ मिळवले तर १६२९ येते; पण फाल्गुन इंग्रजी वर्ष उलटल्यावर येतो, म्हणून ७९ मिळवायचे आणि १९ फेब्रुवारी १६३० ला पोचायचे. बेरजेतल्या एका आकड्यापायी जन्मलेले चुकीचे साल पुढे पिढ्यान्‌पिढ्या नकलले जाऊ शकते.

काही प्रश्नांत तर चूक उत्तरात नसतेच, ती प्रश्नातच असते. भारतातील पहिली रेल्वे? बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, हे आपल्याला तोंडपाठ. पण मद्रासजवळ दगड वाहण्यासाठी रेड हिल रेल्वे १८३७ मध्येच चालली होती आणि रूडकीजवळ कालव्याच्या बांधकामावर १८५१ मध्ये वाफेचे इंजिन धावले होते. ‘प्रवासी’ हे विशेषण गळले की बरोबर उत्तर चूक ठरते. चित्रपटाचेही तेच. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी. तोरण्यांच्या विरोधात सांगितले जाते की, ते रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा चालवणारा परदेशी होता आणि फिल्म लंडनला धुतली गेली. आणि नुसते चित्रीकरणच मोजायचे, तर सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र भाटवडेकर यांनी १८९९ मध्येच मुंबईत कुस्तीचे चित्रण केले होते. ‘पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट’ असे विचारले तर ‘राजा हरिश्चंद्र’ हे उत्तर देता येते. नुसते ‘पहिला चित्रपट’ विचारले, तर निदान तीन उत्तरांची बाजू मांडता येईल.

हा रिकामपणचा उद्योग वाटत असेल, तर स्पर्धा परीक्षेला बसलेल्या एखाद्या मुलीला विचारावे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, तिच्यावर हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका काढतो. निवड एकेका गुणावर अडते, म्हणून हरकतीला संदर्भ जोडावा लागतो. तिथे एकमेकांची नक्कल केलेली पाच संकेतस्थळे जोडून एका संदर्भापलीकडे काही पदरात पडत नाही. १८ मे १९१२ च्या सुमाराच्या वृत्तपत्रातली जाहिरात, किंवा ज्या ग्रंथात ‘पहिला’ या शब्दाची व्याख्या करून मग उत्तर दिले आहे त्याचे ते पान, एवढे एकच जोडावे.