तारेवरचे संगणक, भाग 9 : फाइल फोनवरून यायची तेव्हा

मागच्या भागात मोडेमची किरकिर ऐकली. आता त्या किरकिरीतून आख्खा प्रोग्रॅम कसा यायचा, ते पाहू.

बुलेटिन बोर्ड म्हणजे कुणाच्या तरी घरातला एक संगणक, एक मोडेम आणि बहुधा एकच फोन. एकजण जोडला गेला की बाकीच्यांना एंगेज टोन. पहिला सार्वजनिक बोर्ड शिकागोत 16 फेब्रुवारी 1978 रोजी वॉर्ड ख्रिस्तेन्सन आणि रँडी स्यूस यांनी सुरू केला. फाइल पाठवायची रीत मात्र ख्रिस्तेन्सन यांनी त्याआधीच, 1977 मध्ये लिहून ठेवली होती. तीच एक्समोडेम.

तिची युक्ती साधी. फाइलचे 128 बाइटचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा आणि शेवटी त्यातल्या आकड्यांची बेरीज जोडायची. पलीकडचा संगणक स्वतः बेरीज करणार; जुळली तर ‘मिळालं’, नाही तर ‘पुन्हा पाठव’. उत्तर येईपर्यंत इकडचा गप्प. गोणी मोजून हुंडेकरी पावतीवर सही देतो, तसाच हा व्यवहार. पण बेरीज एकाच बाइटची, म्हणजे 255 नंतर पुन्हा शून्यापासून. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं की खराब तुकडाही खपून जाई. म्हणून पुढे सीआरसी नावाची कडक तपासणी आली.

आपल्याकडे 1989 मध्ये अतुल चिटणीस यांनी बंगळुरूत ‘सीआयएक्स’ हा बोर्ड सुरू केला; मुंबईत सुचित नंदा यांचा ‘लाइव्ह वायर’ होता. आता समजा, घोडेगावात किंवा जुन्नरला कुणाकडे तेव्हा संगणक आणि मोडेम आहे आणि त्याला मुंबईच्या बोर्डावरून एक प्रोग्रॅम हवाय. 2400 बिटांचा मोडेम. प्रत्येक अक्षरामागे पुढचा-मागचा बिट धरून दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला 240 अक्षरं. 360 केबीच्या एका फ्लॉपीएवढा माल म्हणजे 2,880 तुकडे आणि जवळजवळ 26 मिनिटं, तीही एकही चूक न होता. दर तुकड्यानंतरचं थांबणं यात धरलेलंच नाही. आणि हे सगळं एसटीडीच्या मीटरवर! रात्री उशिरा पाव दर लागे, म्हणून शहाणा माणूस तोवर जागा राही.

त्यात भीमाशंकरच्या बाजूचा पाऊस. तारेच्या जोडात पाणी शिरलं की खरखर सुरू. माणसाला त्यातूनही बोलणं कळतं. मोडेमला खरखरही अक्षरंच वाटतात. चोविसाव्या मिनिटाला लाइन तुटली, तर एक्समोडेममध्ये पुन्हा पहिल्या तुकड्यापासून श्रीगणेशा. 1986 मध्ये चक फोर्सबर्ग यांनी झेडमोडेम आणला. तो प्रत्येक तुकड्यानंतर थांबत नसे, आणि तुटलेली फाइल जिथे राहिली तिथून पुढे घेई. माझ्या मते बोर्डांच्या काळातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. फोनचं बिल भरणाऱ्यालाच ते कळेल.

आणखी एक खोडा मराठीचा होता. इस्की संकेतात देवनागरी अक्षरं बाइटच्या वरच्या अर्ध्यात बसवलेली, त्यामुळे आठवा बिट हवाच. बरेच बोर्ड आठ बिटांवर चालत. पण एखाद्याने मोडेमचा प्रोग्रॅम सात बिटांवर ठेवला, तर इंग्रजी पत्र धड पोचे आणि मराठी पत्राचा चुराडा होई.

बरं, याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना ऑप्टिकल फायबरने जोडलेल्या. आकाशातून आलेला संदेश काचेच्या तंतूतून, आणि गावातला फोन तांब्याच्या तारेवरून!

सामान्य माणसाला खरा पर्याय एसटीचाच. 1.44 एमबीच्या दहा फ्लॉप्या 2400च्या मोडेमने पाठवायला 17 तास लागतात. पुण्यात शिवाजीनगरहून सुटलेली गाडी मंचर, घोडेगाव करत चार-साडेचार तासांत भीमाशंकरला येई. वेगात एसटी जिंकली. तोटा इतकाच की फ्लॉपीसोबत बिनतिकिटाचा प्रवासीही येई. 1990 मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ व्हायरस बूट सेक्टरमध्ये दडून बसे आणि 5 जानेवारीला ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावी. फोनवरून फक्त फाइल यायची, बूट सेक्टर नाही. म्हणून हा जोशी साध्या डाउनलोडमधून येत नसे.

15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट खुलं केलं आणि बोर्ड ओस पडू लागले. फाइलींचं ओझं मात्र फोनच्या आवाक्याबाहेरच राहिलं. 1996 मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने लिनक्स वाचकांपर्यंत पोचवलं, ते अंकासोबतच्या सीडीवर. त्या खटाटोपात बोर्डवाले चिटणीसच पुढे होते. 650 एमबीची भरलेली सीडी 2400च्या मोडेमने उतरवायची, तर महिनाभर फोन खाली ठेवता आला नसता.