जुन्या मोटरचं बेअरिंग परत परत का जातं?

सेकंडहँड मोटर कशी निवडायची यावरच्या व्हिडिओत बेअरिंगचा विषय मी दोन मिनिटांत उरकला. तो तसा उरकायचा विषय नाही, म्हणून इथे नीट लिहितोय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून. एका ताईंना मसाला कांडपासाठी माझ्या दुकानातून ५ एचपीची, थ्री फेज, १४४० आरपीएमची मोटर दिली. रिवाइंडिंग केलेली, रंग नवा, बेअरिंग नवी. ऐन मिरचीचा सीझन. पंधरा दिवसांत फोन आला, "दादा, मोटर ओरडतेय." माणूस पाठवून बेअरिंग बदललं. बारा दिवसांनी पुन्हा तोच आवाज. बेअरिंग काहीशे रुपयांचं, पण मिरच्या घेऊन आलेली गिऱ्हाइकं दुसऱ्या कांडपावर गेली. तो हिशेब कुठल्याच बिलावर येत नाही.

दुसऱ्या वेळी मी स्वतः मोटर उघडली. पुलीकडच्या झाकणात, म्हणजे एंड कव्हरमध्ये, जिथे बेअरिंगची बाहेरची रिंग बसते तिथे सेंटर पंचचे ठिपके मारलेले होते. जागा झिजून मोठी झाली होती, आणि आधी ज्याने काम केलं त्याने ठिपके मारून ती "टाइट" केली होती. ठिपक्यांची टोकं थोड्याच दिवसांत दबतात आणि रिंग झाकणात फिरायला लागते. अशा झाकणात कितीही भारी बेअरिंग घाला, तेही जाणारच. आणि मोटर घेताना मी फक्त वाइंडिंग तपासलं होतं.

आता तुमच्या मोटरचा आवाज येत असेल तर काय कराल? मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मग बेल्ट उतरवा. आता मोटर मोकळी चालवून बघा. आवाज गेला, तर बेल्ट, पुली किंवा मशीनकडे बघा. आवाज राहिला, तर चालू मोटरचा स्विच बंद करा आणि कान द्या. वीज जाताच आवाज गप्प झाला तर दोष बहुतेक विजेच्या बाजूचा आहे, फेज किंवा वाइंडिंग तपासा. मोटर हळू होत थांबेपर्यंत घरघर चालू राहिली तर बेअरिंगवर संशय घ्या. कुठल्या बाजूचं, ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक झाकणावर आणि मूठ कानाला लावून कळतं. पण पदर, ओढणी, सैल बाही पंख्यापासून आणि शाफ्टपासून लांब ठेवा.

खरी माहिती मात्र काढलेल्या बेअरिंगवर असते. मेकॅनिक ते भंगारात टाकायच्या आत मागून घ्या. बाहेरची रिंग बाहेरून घासून चकचकीत झाली असेल, तर झाकणाची जागा सैल आहे. आतल्या भोकाला चकाकी किंवा निळसर डाग असेल, तर शाफ्ट झिजलाय. गोळ्यांच्या अंतराने खड्डे असतील, तर बसवताना हातोडा चाललाय. ग्रीस काळं, करपलेलं असेल, तर बेअरिंग तापलं होतं: बेल्ट जास्त ओढलेला असेल किंवा ग्रीस ठासून भरलं असेल. हो, जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं! मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते अर्धा, एवढंच पुरे.

नवं घेताना जुन्यावरचा पूर्ण नंबर लिहून न्या. ६२०६ मधल्या शेवटच्या ०६ ला ५ ने गुणा, ३० मिलिमीटर हे आतलं भोक. ६३०६ चं भोकही ३० च, पण बाहेरून ते ७२ आणि ६२०६ मात्र ६२ मिलिमीटर, म्हणजे एकाच्या जागी दुसरं बसणार नाही. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबराचं सील. पीठ-मिरचीच्या धुळीत मी टूआरएस घालतो. सी३ लिहिलेलं असेल तर तेच आणा, त्यात आतली मोकळीक थोडी जास्त असते आणि तापणाऱ्या मोटरला ती लागते.

बसवताना समोर उभे राहा. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या रिंगवरच हवा, त्या मापाचा पाइप लावून. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की तो मार गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग तिथेच जखमी होतं. बेअरिंग हाताने सहज शाफ्टवर सरकलं, तर काम थांबवा, शाफ्ट सैल आहे. झाकणात ते हलक्या दाबाने जावं, टपकन पडू नये. झाकणातला लाटांसारखा वाकलेला पातळ वॉशरही मोजून परत घालायला लावा. तो हरवला की मोकळी मोटर खडखडते आणि दोष नव्या बेअरिंगवर येतो.

जुनी मोटर घेणार असाल तर दुकानदाराला पुलीकडचं झाकण उघडून दाखवायला सांगा. तो कुरकुरेल. मीही आधी कुरकुरायचो.

ताईंचं झाकण लेथवर बोअर करून त्यात बुश बसवला आणि बुश ६२ च्या मापाला आणला. खर्च माझा. ती मोटर अजून त्याच बेअरिंगवर चालू आहे. पंच मारलेल्या झाकणाचा फोटो मी दुकानात गल्ल्याच्या वर लावून ठेवलाय.