फाल्गुनातली गच्ची

सकाळी ६.१५

फाल्गुन लागला की पुण्यात गच्चीवरचं काम ऊन चढायच्या आत आटपावं लागतं. पहाटे अजून गारवा असतो, पण दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे जातो आणि हिवाळी भाज्यांना ते आपल्याआधी कळतं. कोथिंबिरीची रुंद पानं संपून शेपूसारखी बारीक पानं आलीत, मधून दांडे उंच निघालेत. मेथी निबर झालीय. मुळा फुललाय. अशा वेळी बरेच जण झाडं उपटून कुंड्या मोकळ्या करतात. मला ही घाई अजिबात पटत नाही. मंडईत सहसा न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी याच दिवसांत हाताशी येतात.

आधी पाणी. बोट दोन पेरं मातीत घालून बघते. कोरडं लागलं तरच झारी. कठड्यालगतच्या कुंड्या सर्वांत आधी वाळतात, कारण सिमेंट रात्रीही तापलेलंच असतं.

७.१५

डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा. मुळा जमिनीत ठेवून फुलू दिला, तरच त्या मिळतात. बोटांनी मोडून बघायची: कट्कन तुटली तर कोवळी, वाकली तर जून. दोन-तीन दिवस दुर्लक्ष झालं की संपलं.

"आई, एवढ्या पुरतील का?"

"दोन मुठी झाल्या तरी खूप. हरभऱ्याची डाळ भिजत घातलीये मी. पण आतला दाणा भरलेल्या नको घेऊस गं, दोरा होतो त्यांचा."

हिंग-हळदीची फोडणी, डाळ, वरून ओलं खोबरं. मुळ्याचा उग्रपणा शेंगेत पुष्कळ सौम्य होतो, तिखटाची चुणूक तेवढी राहते. मुळा न आवडणारी माणसंही ही भाजी मागून घेतात.

शेजारी कोथिंबिरीला हिरवे धने धरलेत. या एका दाण्यात पानाचा आणि धन्याचा असे दोन्ही वास असतात. मिरची, लसूण, मीठ घालून ठेचला की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

८.३०

आता पानं उलटून बघायची. टोमॅटोच्या शेंड्यांवर आणि मुळ्याच्या फुलदांड्यांवर मावा चिकटलाय. फवारणीआधी मी ढालकिडे शोधते. लाल पाठीचा ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. त्याची काळी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची अळी मात्र कीड समजून चिरडली जाते, आणि मावा फस्त करणारी तर तीच. मुळ्यावर ती आहे, म्हणून मुळ्याला हात लावायचा नाही. कोथिंबिरीच्या फुलांवर फुलोरी माश्यांची गर्दी आहे. उपटलेल्या वाफ्यावर यातलं कोणीच आलं नसतं.

११ ते ४.३०

कुंड्यांकडे फिरकायचं नाही. दुपारी माना टाकलेली पानं संध्याकाळी आपोआप सावरतात. ती बघून भर उन्हात पाणी ओतत सुटू नये. टोमॅटो सकाळीच, गुलाबी छटा येताच, उतरवून घेतलेत. तापमान तिशीच्या बरंच पुढे गेलं की लाल रंग देणारं लायकोपीन फळात नीट तयार होत नाही. झाडावर ते पिवळट नारिंगीच राहतात. स्वयंपाकघरात, सावलीत, टोपलीत एकेरी पसरले की छान लाल होतात. फ्रीजमध्ये मात्र नाही.

५.००

पुदिना मातीपासून चार बोटं ठेवून कापला. वर शेणखताची मूठ. सावली मिळाली तर नवा फुटवा उन्हाळाभर चालतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या. रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडं आठवडाभर उन्हात वाळवली होती, ती आता कुंड्यांत पसरली. ओली घातली तर साखरेला मुंग्या लागतात. या आच्छादनाने पाण्याची बचत होते आणि मुळं भाजत नाहीत. पूर्वेच्या कोपऱ्यात हिरवी जाळी बांधली. तिथे थोडी मेथी पुन्हा पेरते. ती तीन-चार दिवसांत उगवते. धने नाही पेरत, या उष्णतेत ते नीट रुजत नाहीत.

६.४५

टोमॅटोवर निंबोळी अर्क: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळलेला, किंचित साबणाचं पाणी घालून. फवारणी संध्याकाळीच, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो, आणि एव्हाना माश्याही परतलेल्या असतात.

रात्री ९.००

बियाणं. कोथिंबिरीच्या ज्या रोपाला सर्वांत उशिरा फुलं आली, त्यालाच दोरा बांधलाय. पहिल्यांदा फुललेल्या रोपाचे धने मी ठेच्यालाच वापरते. ते पेरले तर पुढच्या वर्षी पानांऐवजी घाईघाईने फुलंच यायची. गावठी टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत काढून ठेवला. दोन-तीन दिवस आंबला की बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. संकरित टोमॅटोचं बी धरत नाही, त्यातून तसंच झाड येईल याचा भरवसा नसतो.

शेवटी भेंडीचं बी भिजत घातलं. उद्या सकाळी मेथीच्या रिकाम्या होणाऱ्या दोन कुंड्या तिच्यासाठी.