आतून लावलेली कडी

एकट्याने राहणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आधी कुलपे आठवतात. जाड लाकडी दार, त्यापुढे लोखंडी सेफ्टी डोअर, वर-खाली कड्या, मध्ये लॅच, खिडक्यांना ग्रिल. चोराला अडवायला हे सगळे ठीकच. पण घसरलेला पाय, अचानक आलेली चक्कर किंवा दूध उतू जाऊन विझलेला गॅस यांना बाहेरून आत यावे लागत नाही. अशा वेळी आतून लावलेली प्रत्येक कडी मदतीला आलेल्यांच्या वाटेत उभी राहते. भरल्या घरात कोणी पडले तर आवाज ऐकून दुसरे कोणी धावते. एकट्याच्या घरात अपघात झाल्यापासून तो कोणाच्या लक्षात येईपर्यंत किती वेळ जातो, यावर पुष्कळ काही ठरते.

पडण्याची हमखास जागा म्हणजे बाथरूम. साबणाचे पाणी, गुळगुळीत फरशी आणि तोल गेल्यावर धरायला नळ किंवा टॉवेलचा दांडा, जो माणसाचा भार पेलायला बसवलेलाच नसतो. त्याऐवजी भिंतीत पक्का रोवलेला स्टीलचा दांडा आणि खरखरीत मॅट हवी. बऱ्याच बाथरूमचे दार आत उघडते, आणि पडलेला माणूस नेमका त्याला आडवा होतो. मग बाहेरच्यांना दार ढकलताही येत नाही. ते बाहेर उघडेल असे करून घेणे सुताराचे काही तासांचे काम आहे. घरात दुसरे कोणीच नसताना बाथरूमला आतून कडी लावायचे खरे तर कारणही नाही. सवय मात्र सुटत नाही.

रात्री झोपेतून झटकन उठल्यावर रक्तदाब एकदम उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उठावे. वाटेत छोटा दिवा असावा. पडल्यावर घाईने उठू नये. कुठे मोडले नसेल तर कुशीवर वळावे, रांगत खुर्चीपर्यंत जावे आणि तिच्या आधाराने उठावे. उठताच आले नाही तर खरी अडचण सुरू होते. तासन् तास एका अंगावर पडून राहिल्यास दबलेले स्नायू खराब होतात, त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. टेबलावरचा मोबाइल अशा वेळी चंद्राइतका लांब असतो. तो खिशात किंवा गळ्यात हवा. तो जवळ नसेल तर हाताला लागेल ते भांडे फरशीवर आपटत राहावे. ओरडण्याने दम लवकर संपतो.

सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की जमिनीलगत साचतो. त्याला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. पण वय वाढले की घ्राणशक्ती मंदावते, आणि ‘वास येतोय का गं?’ असे विचारायला घरात कोणी नसते. म्हणून काम झाल्यावर रेग्युलेटर बंद करण्याचा नेम हवा. वास आलाच तर आधी रेग्युलेटर बंद करावा आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. एक्झॉस्ट फॅनही लावू नये. बाहेर पडून 1906 या क्रमांकावर कळवावे.

गॅस गिझर त्याहून फसवा. बंद बाथरूममध्ये त्याच्या ज्योतीला प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, चक्कर येते आणि दार उघडावे हे सुचण्याआधीच हातापायांतले बळ जाते. असा गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. विजेसाठी मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असावा आणि त्यावरचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहावे.

दाराशी आलेल्या अनोळखी माणसाला सेफ्टी डोअर न उघडताच बोलते करावे. गॅसची तपासणी, पार्सल, कुठलेही काम असो. ‘एकट्याच राहता का?’ या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे बंधन कोणावर नाही. आता दाराची गरज नसलेले चोरही आहेत. पोलिसांचा वेश घालून ते व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचे सांगतात आणि कॉल बंद करू देत नाहीत, कारण बळी जाणाऱ्याने दुसऱ्या कोणाशी बोलू नये एवढेच त्यांना हवे असते. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. फोन ठेवावा, घरच्यांपैकी कोणाला तरी सांगावे आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर तक्रार करावी.

उरतो लक्षात येण्याचा प्रश्न. दाराला लटकलेली दुधाची पिशवी आणि न उचललेला पेपर ही सोसायटीतली जुनी खूण. पण ती पाहून बेल वाजवण्याचे कोणावर तरी सोपवलेले असावे लागते. सकाळी ठरलेल्या वेळी एक फोन किंवा मेसेज, आणि तो आला नाही तर काय करायचे हे आधीच बोललेले असावे. दुसरी किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे द्यावी आणि रात्री आतून कडी न घालता बाहेरून किल्लीने उघडणाऱ्या कुलपावर भागवावे. कडी घातली तर शेजाऱ्यांकडची किल्ली निरुपयोगी. तातडीच्या मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108, आणि ज्येष्ठांना सल्ल्यासाठी 14567 आहे. एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक जवळच्या पोलीस ठाण्यात आपले नाव नोंदवू शकतात. आणि दोन दिवस लेकीकडे जायचे झाले तरी शेजारी सांगून निघावे, नाहीतर परत येईपर्यंत काळजीपोटी दार फोडलेले असायचे.