मोटारीतला साक्षीदार

आमच्या ओळखीचे एक सर हिंगोलीहून कळमनुरीच्या शाळेत रोज स्वतःच्या मोटारीने जातात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका वळणावर समोरून आलेला टेम्पो एका दुचाकीला घासून गेला आणि दुचाकीस्वार सरांच्या गाडीपुढे येऊन पडला. सरांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी हातभर अंतरावर थांबली, टेम्पो मात्र थांबला नाही. जमलेल्या लोकांना दिसले ते एवढेच : रस्त्यावर पडलेला माणूस आणि त्याच्यासमोर उभी मोटार. पुढे काय झाले असेल याची कल्पना कोणालाही येईल. सर तरीही निर्धास्त होते, कारण काचेवर कॅमेरा बसवलेला होता. आठव्या दिवशी चित्रण पाहायची वेळ आली, तेव्हा कार्डात त्या दिवसाचे काहीच शिल्लक नव्हते.

कॅमेरा बिघडला नव्हता. तो त्याच्या नियमाने वागला होता. फुल एचडी चित्रणाला सेकंदाला साधारण १५ मेगाबिट, म्हणजे ८ ने भागून सुमारे १.९ मेगाबाइट जागा लागते. हिशेब केला तर तासाला पावणेसात गिगाबाइट होतात. सरांच्या ३२ गिगाबाइटच्या कार्डात पावणेपाच तास मावत होते. कार्ड भरले की कॅमेरा सर्वांत जुना तुकडा पुसून त्या जागी नवा लिहितो. रोजचा जाण्यायेण्याचा तासभर धरला, तर सोमवारचे चित्रण शुक्रवारी संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही. असा प्रसंग घडला तर त्याच दिवशी कार्ड काढून वेगळे ठेवायचे आणि गाडीत दुसरे घालायचे, एवढे केले असते तरी पुरे होते.

पण मग धक्का बसल्यावर चित्रण आपोआप 'कुलूपबंद' होते असे म्हणतात, त्याचे काय? कॅमेऱ्यात त्वरणमापक असतो. सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा तितक्याच बारीक स्प्रिंगांवर तोललेला असतो. गाडीचा वेग एकाएकी बदलला की हा तुकडा जडत्वामुळे मागे राहतो, त्याचे शेजारच्या पट्टीपासूनचे अंतर बदलते, त्यामुळे धारकता बदलते आणि तेवढ्यावरून त्वरण कळते. सरांची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटरवरून, अडीच सेकंदांत थांबली असे धरू. त्वरण आले ६.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दोन तृतीयांश. एखादा वाईट गतिरोधक याहून मोठा हिसका देतो! प्रत्येक खड्ड्याला चित्रण कुलूपबंद होऊन कार्ड भरायला लागले, म्हणून सरांनी संवेदनशीलता 'कमी' करून ठेवली होती. गाडीला कोणी धडकले नव्हते, नुसता ब्रेक लागला होता, त्यामुळे कॅमेऱ्याने त्याची दखल घेतली नाही. म्हणून आणीबाणीचे बटण कोठे आहे ते हाताला न पाहता सापडले पाहिजे. (याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळेची जागा आहे. तिथले आरसे नेमके उलट कारणासाठी लोलकासारखे टांगायचे आहेत : जमिनीचा कोणताही हिसका त्यांना कळू नये म्हणून.)

आता बसवण्याकडे वळू. जागा आतल्या आरशाच्या मागे, चालकाच्या नजरेआड, पण वायपर जिथवर काच पुसतो त्या पट्ट्यात हवी. पावसाळ्यात हे न पाहिल्याचा पश्चात्ताप होतो. काच आतून स्पिरिटने पुसून कोरडी करावी, मगच चिकटपट्टी दाबावी. तार वरच्या अस्तराच्या कडेत बोटाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खोचत नेता येते, पुढे दरवाजाच्या रबराखालून ती फ्यूजच्या पेटीपर्यंत उतरते. एका ठिकाणी मात्र जपायचे. काचेच्या बाजूच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल, तर तार तिच्यावरून कधीही नेऊ नये. ती मागून न्यावी लागते, आणि त्यासाठी खांबाचे आवरण काढायचा धीर नसेल तर ते काम सरळ गॅरेजवाल्याकडे द्यावे.

सर्वांत सोपी वीज सिगरेट लायटरच्या सॉकेटातून मिळते, आणि बहुतेकांना ती पुरते. गाडी उभी असतानाही चित्रण हवे असेल तर बॅटरीशी कायम जोडणी करावी लागते. त्या संचात सहसा तीन तारा येतात : लाल तार किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला, पिवळी कायम वीज असणाऱ्या फ्यूजला आणि काळी गाडीच्या सांगाड्याच्या रंग नसलेल्या बोल्टला. फ्यूज ओळखायला मल्टिमीटर हवा. किल्ली बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर १२ व्होल्ट दाखवतो तो लाल तारेचा. एअरबॅगच्या आणि ब्रेकच्या फ्यूजना हात लावायचा नाही.

उभ्या गाडीत कॅमेरा ५ वॅट घेतो असे धरले तर १२ व्होल्टला ०.४ अँपिअरपेक्षा थोडा जास्त प्रवाह लागतो. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतली निम्मी वीज वापरायची ठरवली, तरी ती चाळीसेक तासांत संपते. म्हणजे शनिवारी दुपारी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू होईलच अशी खात्री नाही. यासाठी संचात व्होल्टेज घसरल्यावर वीज तोडण्याची सोय असते. ती १२.२ च्या आसपास ठेवावी, कारण त्या वेळी बॅटरी जवळपास निम्मी उरलेली असते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मे महिन्यात बाहेर ४२–४३ अंश असताना बंद गाडीत ६० च्या पुढे पारा जातो आणि काचेला चिकटलेली वस्तू त्याहून तापते. आत लिथियमची बॅटरी असलेला कॅमेरा अशाने फुगतो. म्हणून सुपरकपॅसिटरवर चालणारा घ्यावा. कपॅसिटरमध्ये रासायनिक क्रिया होत नाही, विद्युतभार नुसता पृष्ठभागावर साठतो, त्यामुळे तो उष्णता जास्त सोसतो. साठवलेली वीज काही सेकंदांचीच असते. तेवढी पुरते, कारण अपघातात वीज तुटली तर चालू तुकडा नीट बंद करणे एवढेच तिचे काम आहे.

मेनूत पहिल्यांदा तारीख आणि वेळ बरोबर लावावी. नंतर 'वारंवारता' हा पर्याय ५० हर्ट्झवर ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेरा ६० वर असेल तर चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात.

इतके सगळे करूनही टेम्पोचा नंबर वाचता आला असता का? हा हिशेब वर्गात करून घेण्यासारखा आहे. भिंग १४० अंशांचे आणि चित्राची रुंदी १९२० बिंदू धरली तर अंशाला ढोबळमानाने १४ बिंदू येतात. मोटारीची नंबरपट्टी ५० सेंटिमीटर रुंद असते. १० मीटरवर ती २.९ अंशांत मावते, म्हणजे तिला ४० बिंदू मिळतात. 'एमएच-३८' पासून पुढची १० अक्षरे-अंक त्यात बसवायचे, तर एकेका अक्षराला जेमतेम ४ बिंदू! वाचता येणार नाही. ५ मीटरवर ८ होतात, तेव्हा कुठे अक्षर ओळखू येते. रात्री उघडझाप लांबते, १/३० सेकंदात बाजूने जाणारी गाडी मीटरभर सरकते आणि नंबराचा फराटा उठतो. यावर भिंगापेक्षा स्वस्त उपाय आहे. नंबर दिसताक्षणी मोठ्याने म्हणावा. कॅमेऱ्यात ध्वनिमुद्रणही होत असते.

चित्रण मिळाले तर कोर्टात ते कसे चालते, हेही या भागातल्याच एका खटल्यातून ठरले आहे. जालना मतदारसंघातल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण पुराव्यात आले होते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात सांगितले, की मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर केले तर प्रमाणपत्र नको, पण प्रत दिली तर ते सक्तीचे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचे 'हॅश' मूल्यही लिहावे लागते. हे फाइलच्या सर्व बिटांवरून काढलेले ठशासारखे मूल्य असते, एक बिट बदलला तरी ते पार बदलते. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ पाठवला की तो आकसतो आणि ठसा वेगळा होतो. तेव्हा गावभर पाठवलेली प्रत ही मूळ नव्हे. मूळ ते कार्ड, ते पाकिटात घालून त्यावर तारीख टाकून ठेवावे.

सरांना त्या प्रकरणातून सोडवले ते खुद्द दुचाकीस्वाराने. शुद्धीवर आल्यावर त्याने टेम्पोचा रंग सांगितला. आता सरांच्या गाडीत १२८ गिगाबाइटचे कार्ड आहे. १९ तास.