घरची बाई काय करते?

मोजणीदार दारात आला की हा प्रश्न ठरलेला आणि उत्तरही ठरलेले: "काही नाही, घरकाम." नेमक्या त्याच वेळी मालेगावात आतल्या खोलीत कांड्या भरल्या जात असतात आणि सोलापुरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या जात असतात. उत्तर देणारा लबाड असतो असे नाही. ओट्यावर शेजारी बसलेला असतो, बिरादरीतले दोघे उभे असतात, आणि घर बायकोच्या मजुरीवरही चालते हे चारचौघांत बोलवत नाही. कित्येकदा ती बाईसुद्धा आपल्या कामाला काम म्हणत नाही. उत्तर प्रश्नाला नव्हे, ऐकणाऱ्याला दिले जाते.

ही खोड आपलीच नव्हे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी एका चिनी जोडप्यासह मोटारीने प्रवास केला व १९३४ साली त्याची हकिकत छापली. तेथे त्या काळी चिनी माणसांविषयी उघड तेढ होती. तरीही २५१ हॉटेले-खाणावळींपैकी नकार एकाच ठिकाणी मिळाला. पुढे त्याच मालकांना पत्राने विचारले, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? १२८ जणांनी उत्तर दिले, आणि शंभरात नव्वदांहून अधिकांनी 'नाही' कळवले. समोर आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे जड जाते, हे दुकानदाराला सांगायला नको. पण कागदावर मालकाने गावाची रीत लिहिली, असे आम्हांस वाटते.

आपल्या जनगणनेलाही ही अडचण ठाऊक होती. बायकांचे काम मोजणीतून निसटते म्हणून १९९१ साली कामाच्या प्रश्नातच शेतावरील किंवा घरच्या धंद्यातील बिनपगारी काम धरावे, असे शब्द घालण्यात आले. शब्द बदलले, तरी ओट्यावरचा शेजारी तिथेच होता.

नुकसान कोणाचे? 'घरकाम' अशी नोंद झालेली बाई सरकारदरबारी कारागीर उरत नाही. विडी कामगाराच्या ओळखपत्रावर मुलांना शिष्यवृत्ती मिळते. पण बाई विड्या वळते हेच लपवले, तर ते ओळखपत्र मागायचे कोणत्या तोंडाने?

म्हणून मोहल्ल्याची पाहणी जमातीने स्वतः केली, तर एखादी शिक्षिका पाठवावी. तिने आत बसून त्या बाईलाच विचारावे, पुरुषमंडळी बाहेर असताना. 'काम करता का' हा प्रश्न नकोच. काल किती कांड्या भरल्या, शेकड्याला काय मिळाले, एवढेच विचारावे.