धागा जुळू नये म्हणून

नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत माझा मित्र नेटवर्कच्या सुरक्षेचं काम बघतो. नाव लपवून तक्रार करायची तर टॉर ब्राउझर कसा वापरायचा, हे त्याने मला सुटीच्या दिवशी स्वतःच्या घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर दाखवलं. ऑफिसात का नाही, याचं कारणही सांगितलं. टॉरमधून काय पाठवलं ते कंपनीला दिसत नाही, पण टॉर सुरू आहे हे दिसतं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बॉम्बच्या धमकीचे ईमेल पाठवले. त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोण वापरत होतं, एवढ्या शोधावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोचले.

टॉरची स्वतःची बाजू भक्कम आहे. मजकूर तीन टप्प्यांतून जातो. पहिल्या टप्प्याला आपला इंटरनेटवरचा पत्ता कळतो, तिसऱ्याला वेबसाइट. दोन्ही एकत्र कुणाकडेच नसतं. मित्राने दोन टॅबमध्ये दोन वेबसाइट उघडल्या, तर दोन्हींचे मार्ग वेगळे. पानाभोवती करडी पट्टी होती. खिडकीच्या नेमक्या मापावरून माणूस ओळखू येऊ नये, म्हणून ब्राउझर पान ठराविक मापांत बसवतो. वेबसाइटला आपलं घड्याळही भारतीय वेळेचं दिसत नाही.

पण हाच ब्राउझर उघडून कुणी स्वतःच्या नावाच्या रोजच्या जीमेलमध्ये शिरला, की सगळं वाया. सिल्क रोड या बेकायदा बाजाराच्या चालकाने २०११ मध्ये ज्या टोपणनावाने त्या बाजाराची जाहिरात केली, त्याच टोपणनावाने पुढे माणसं हवीत म्हणून मजकूर टाकला आणि खाली स्वतःच्या नावाचा ईमेल दिला. तपास करणाऱ्यांना तो धागा पुरला.

असली काळजी गुन्हेगारच घेतात, हे मला मुळीच पटत नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारातून जमिनीचे गैरव्यवहार उघड करत होते. जानेवारी २०१० मध्ये त्यांचा खून झाला. आपल्याकडे तक्रारदाराचं नाव फुटणं जिवावर बेतू शकतं.

मग मी सरावासाठी एका ठेकेदाराविरुद्ध कल्पित तक्रार लिहिली. मित्राने आधी फाइलच्या माहितीत आपोआप बसलेलं माझं नाव काढलं. नंतर भाषेकडे वळला. ‘अधिकारी काऊन गप्प बसून राहिले’ हे वाचूनच तक्रार नागपूरकडच्या माणसाची, हे कळतं. मी ते प्रमाण मराठीत केलं. रोज शिफ्ट सुटल्यावर त्याच वेळी संदेश पाठवणं हीसुद्धा ओळखच, असं तो म्हणाला.

एका परिच्छेदावर मात्र तो बराच वेळ थांबला. त्यात एका बैठकीतलं बोलणं होतं आणि बैठकीला चौघेच हजर होते. तिथे टॉरचा काय उपयोग? त्याने तो परिच्छेद काढायला लावला, आणि तीच गोष्ट दाखवणारा, पण ऑफिसातल्या पुष्कळांच्या हातून गेलेला एखादा कागद शोधायला सांगितलं.